पाण्याचा रकाना

बारामतीच्या भिगवण रस्त्यावरील संगणक केंद्राचे शटर सकाळी योगिनी कोकरेच उघडत असे. शटर अर्ध्यावर येऊन अडायचे. मग ती खांदा लावून त्याला वर ढकलायची, ओढणीच्या टोकाने हात पुसायची, चपला दाराशी काढायची आणि आईने जुन्या पडद्यातून शिवलेले फुलाफुलांचे आवरण संगणकावरून काढून त्याची नीट घडी घालायची. यंत्राला जाग यायला वेळ लागे. तोवर समोरच्या हॉटेलातून कपबशी येई आणि चहावर साय धरण्याच्या आत फोन वाजे. पलीकडून धरणाकाठच्या भिगवणहून मासळी संघाचे दादासो बोलत. "चिलापी, रोहू, कटला, मरळ" अशा क्रमाने ते पहाटेच्या लिलावातले भाव सांगत आणि "ठेवतो" म्हणायच्या आधीच फोन ठेवत. ट्रंककॉलच्या काळापासून त्यांना ही काटकसरीची सवय लागली होती.

नव्व्याण्णव साल नुकतेच लागले होते. केंद्राचे रासकर सर दोन महिन्यांच्या बोलीवर संघासाठी इंटरनेटचे एक पान चालवून दाखवणार होते. पुण्याच्या हॉटेलवाल्यांनी बसल्या जागी भिगवणचे भाव पाहावेत, अशी त्यामागची कल्पना. संघाला पान पटले, तर काम पुढे चालणार. नाही पटले, तर योगिनी पुन्हा दुपारच्या टायपिंगच्या वर्गावर. हे पान तिने एकटीने उभे केले होते. आजवर तिने शिकलेल्या गोष्टींपैकी स्वतःची म्हणावी अशी ती पहिलीच.

त्या सोमवारी मात्र फोनवर दादासो नव्हते.

"हॅलो... बारामतीचं काम्पुटर का?" आवाज तरुण होता आणि विनाकारण आनंदी.

"बारामतीचं कॉम्प्युटर टेबलावर आहे. मी योगिनी बोलतेय. तुम्ही?"

"मी शंभूराज देवकाते, डाळजचा. दादासोतात्या नातवाच्या जावळाला जेजुरीला गेल्यात. चारआठ दिस मीच हाय. तर... पाणी निवळ हाय, वारा खालचा. आता भाव लिवा."

"थांबा, थांबा. पाणी कुठून आलं मध्येच?"

"म्हंजे? तात्या पाणी सांगत न्हाईत तुमाला?" त्याला खरोखरच धक्का बसलेला दिसला. "आवो, आमच्यात पाणी सांगितल्याबिगर भावाला त्वांड फोडत न्हाईत. लिलाव बी आसाच सुरू हुतो. पाणी कसं, वारा कुठला, मग मासा. पाणी कळलं न्हाय तर मासा ताजा का शिळा, ते गिऱ्हाइकानं कशावरनं ठरवायचं?"

तिला ते पटले. शिस्त मग ती कुठलीही असो, तिला पटत असे. तिने भाव लिहून घेतले आणि त्याच सकाळी माहितीच्या तक्त्यात आणखी एक रकाना उघडला. त्याला नाव दिले 'पाणी'.

दादासो जेजुरीहून परतले, पण हे काम तरुण पोराच्या गळ्यात पडले ते बरेच झाले, असे म्हणून त्यांनी ते परत घेतले नाही. शंभूराजचा फोन येत राहिला. पाण्याचे वर्णन आधी दोन शब्दांचे असे. मग ते चार शब्दांचे झाले. मग...

"आज पाणी गप हाय," एकदा तो म्हणाला. "काल कुणीतरी त्याच्याशी नीट बोललं न्हाय वाटतं."

आदल्या दिवशी वर्गातली मुले समोर ताटकळत होती म्हणून तिने फोन तुटकपणे ठेवला होता. कळपाटीवरची तिची बोटे थबकली.

"हे... असं सगळेच बोलतात का तुमच्याकडे? पाण्याबद्दल?"

"सगळेच," तो लगेच म्हणाला. "जुनी पद्धत हाय."

तिने ते जसेच्या तसे टंकले, रोमन अक्षरांत मराठी, कारण त्या यंत्रावर दुसरी सोय नव्हती. जे मूळ ठिकाणाहून येते ते आपण बदलायचे नाही, हा तिने स्वतःला घालून घेतलेला नियम होता. त्या नियमाने आपण आता कशाचे रक्षण करीत आहोत, हे तिने स्वतःला विचारले नाही. नदीकाठची माणसे अशी बोलत असतीलही. तिचे आजोबा मेंढरे घेऊन त्याच काठाने उतरत, आणि आभाळाला ते "म्हाताऱ्या" अशी हाक मारत.

महिनाअखेरीस शंभूराज बारामतीला आला. संघाची माणसे पान पाहायला येणार होती. त्याआधी आपण ते समजून घ्यावे, असे त्याचे म्हणणे. उंच, उन्हाने रापलेला, शर्टाची घडी अजून मोडलेली नाही. अंगाला साबणाचा इतका दाट वास येत होता, की त्याने एका आंघोळीत अख्खी वडी संपवली असावी.

"मासळीचा वास येऊ ने म्हनून," तिने न विचारताच तो म्हणाला आणि लाजला.

"येत नाहीये," ती म्हणाली. थोडा येत होता. तिला त्याचे काहीच वाटले नाही, याचेच तिला नवल वाटले.

दोघांमध्ये एक खुर्ची रिकामी सोडून ते पडद्यासमोर बसले. तिने पान उघडले. वरच्या पट्टीत त्याचा पत्ता होता. पत्त्याच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह. त्यापुढे मासा, बरोबरीची खूण, चिलापी. मग रकाना, बरोबरीची खूण, भाव.

"इथे पाहा. प्रत्येक माशासाठी मी वेगळं पान केलेलं नाही. पान एकच आहे. प्रश्नचिन्हाच्या पुढे जे नाव येतं, ते घेऊन ते आत जातं, तक्त्यातून तेवढंच उचलून आणतं आणि दाखवतं. आता चिलापी खोडा. मरळ लिहा."

त्याने एका बोटाने, प्रत्येक अक्षराला नमस्कार केल्यासारखे, मरळ लिहिले. पान क्षणभर पांढरे झाले आणि मरळचे भाव घेऊन परत आले.

"आयला! ...माफ करा." त्याचे डोळे चमकले. "म्हंजे आपन विचारू तसं ते बोलतंय."

"हो. आणि ज्याचं नाव पत्त्यात येत नाही, ते दाखवत नाही."

"आत आसलं तरी?"

"आत असलं तरी."

"मग ते आत हाय, हे कळायचं कसं?"

"विचारल्यावर." तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. "विचारलं पाहिजे."

पुन्हा बोट पुढे करून त्याने मरळ पुसले आणि त्या जागी, सावकाश, काहीतरी लिहिले. तिने वाकून पाहिले. माशाच्या जागी लिहिले होते: योगिनी. पानावर एकच ओळ उमटली – माहिती उपलब्ध नाही.

"म्याडम, तुमची म्हाईती न्हाय म्हनतंय की ह्ये."

"मी मासा नाही, शंभूराज."

तो हसला... मोकळे, खोलीभर. मधली रिकामी खुर्चीही हलल्यासारखी वाटली. दाराशी जाऊन तो वळला. "उद्या सकाळी पाणी सांगतो," म्हणाला. जणू आजवर तो रोज सांगत आलाच नव्हता.

संघाची मंडळी फेब्रुवारीतल्या एका दुपारी जीपमधून उतरली. पुढे बादशाह शेख, संघाचे अध्यक्ष. पांढरी दाढी, इस्त्रीचा पायजमा, काठावरच्या तीन पिढ्या ज्यांना चाचा म्हणत असे गृहस्थ. त्यांच्यामागे फुलाबाई; लिलावात जिच्या आवाजापुढे ट्रकचा भोंगा कमी पडे आणि जिने कमिटीतली आपली खुर्ची भांडून मिळवलेली. दादासो होते. शंभूराज सर्वांत मागे, दाराच्या चौकटीला पाठ लावून. त्याने योगिनीकडे पाहिले आणि मग स्वतःच्या पायांकडे.

रासकर सरांनी चहा मागवला. योगिनीने पान उघडले, चिलापी दाखवली, रोहू दाखवला, मरळ दाखवली.

"आकडं बराबर हायेत," दादासोंनी कबूल केले.

बादशाहचाचांनी चष्मा सारखा केला. "पोरी, काम चोख हाय तुझं. पन माझ्या मनात एक खटकतंय. नुसता भाव वाचून पुन्याचा मानूस काय समजंल? भाव वर गेला की म्हनंल, भिगवनवाले लुटत्यात. ह्यात पाणी कुठंय?"

"आहे ना, चाचा!" ती उत्साहाने म्हणाली. हाच प्रश्न यावा, असे तिला वाटत होते. "रोजचं पाणी नोंदवलंय. पानावर ते आपोआप येत नाही. पण पत्त्यात रकान्याचं नाव बदललं की दिसतं. वेगळं पान करावंच लागत नाही."

"म्याडम—" दाराकडून शंभूराजचा आवाज आला. "ते... ते आज ऱ्हाऊ द्या की. चाचांस्नी उशीर हुतोय."

"मला कसला उशीर? बघू दे."

तिने 'भाव' खोडून 'पाणी' लिहिले आणि माशाचे नाव काढून टाकले. पान पांढरे झाले, आणि महिनाभराचे पाणी, तारखांसह, वरपासून खालपर्यंत पडद्यावर उतरले.

"ही इंग्रजी अक्षरं आमाला न्हाई येत," फुलाबाई म्हणाली. "वाच गं तूच."

योगिनी वाचू लागली. "पाणी निवळ, वारा खालचा. ...सकाळी धुकं, पल्याडचा काठ दिसत न्हाय. ...पाणी निवळ, थंडी जोरात." चाचा प्रत्येक ओळीला मान डोलवत होते. "व्हय, त्या दिशी धुकं व्हतंच." पुढची ओळ आली. तिने वाचली. "पाणी गप हाय. काल कुणीतरी त्याच्याशी नीट बोललं न्हाय वाटतं."

चाचांची मान थांबली.

"आगं, थांब. परत वाच."

तिने परत वाचले. नंतरची ओळही वाचली, कारण थांबणे अधिक अवघड होते. "आज शनिवार. पाण्याला उद्याची सुट्टी नको वाटतीय."

"पाण्याला सुट्टी!" फुलाबाईने पदर तोंडाला लावला. "आन म्होरं?"

"पाणी लाजलंय. काठाला येतंय... पण बोलत न्हाय."

"बया! माझी हाडं भिजली त्या पाण्यात. मला कवा लाजलं न्हाय ते!"

"पाणी..." योगिनीचे कान तापले होते, "पाणी सारखं बारामतीकडं बघतंय."

"आरं, हळू!" दादासो ओरडले. "धरनाचं पाणी बारामतीकडं वळलं म्हनून इंदापुरात कळलं, तर उद्या सकाळी मोर्चा निघंल!"

खोली हास्याने भरली. रासकर सर भिंतीकडे तोंड करून खोकले. योगिनी हसली नाही. एक गोष्ट तिच्या मनात उमलत होती... आणि ती आता थांबवता येण्यासारखी नव्हती. ही जुनी पद्धत नव्हती. त्या काठावर कुणीच असे बोलत नव्हते. महिनाभर रोज सकाळी, चहावर साय धरण्याच्या आत, एका माणसाने एका माणसाला हे सांगितले होते. आणि तिने एकही अक्षर न गाळता ते साठवून ठेवले होते.

"ह्या तारखेचं वाच," चाचांनी पडद्यावर बोट ठेवले. ते आता हसत नव्हते. आकडे त्यांना वाचता येत होते.

"पाणी वाट बघतंय," ती हळू म्हणाली.

"शंभू, हितं ये." तो पुढे आला. "त्या दिशी वारा सुटला हुता. दोन होड्या अर्ध्यातनं माघारी आल्या. जाळी रिकामी, म्हनून भाव चढला. गिऱ्हाइकाला तेच सांगाय पायजे हुतं. आन तू काय सांगितलंस?"

"चुकलं, चाचा." त्याने मान खाली घातली नाही. "त्या सकाळी फोनच लागत नव्हता. धा येळा फिरवला. लागला तवा... वारा ध्यानातच ऱ्हायला न्हाय."

फुलाबाईच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले नव्हते, पण ते मऊ झाले होते.

"भावात घासाघीस चालती," चाचा म्हणाले. "पाण्यात न्हाय. पान चालू ठिवायचं, माझी हरकत न्हाय. पन त्यात पाणी खरं पायजे. उद्यापास्नं फोन दादासो करंल. शंभू काट्यावर बसंल, वजनं करंल." मग त्यांनी योगिनीकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "तुझी चूक न्हाय, पोरी. तू आलं ते ठिवलंस."

जीप निघून गेली. शंभूराज सर्वांत मागे बसला होता. पान टिकले होते. सकाळचा फोन मात्र गेला होता... आणि पान टिकावे असे आपल्याला का वाटत होते, ते योगिनीला त्या क्षणी लख्ख कळले.

संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती संगणकासमोर बसली. आधी तिने स्वतःची चूक दुरुस्त केली. पत्त्यात कुठल्याही रकान्याचे नाव आले, की पान निमूटपणे तो उघडून दाखवत होते. थोडक्यात काम करण्याच्या हौसेपोटी तिने ही मोकळीक ठेवली होती, आणि आज एका माणसाचे मन चारचौघांत उघडे पडल्यावर ती मोकळीक तिला सलू लागली होती. आता पान आधी तपासणार होते: भाव आणि पाणी, एवढीच नावे चालतील, बाकी कशालाही उत्तर नाही. मग तिने पाण्याचा रकाना उघडला. जे पाणी धरणाचे नव्हते, ते एकेक ओळ पुसून टाकले. पुसताना तिला वाईट वाटले नाही. सगळ्या ओळी तिला पाठ होत्या.

"सर," निघताना ती म्हणाली, "उद्या सकाळी दादासोंचा फोन तुम्ही घ्याल का? भाव लिहून घ्या. पाणी मी बघून सांगते."

"बघून म्हणजे?"

"भिगवणला जाऊन. काय साठवतोय ते एकदा डोळ्यांनी बघायला हवं."

रासकर सर वीस वर्षे शिकवत होते. त्यांनी चष्मा पुसला. "पहिली एसटी उजाडायच्या आत सुटते," एवढेच म्हणाले. "स्वेटर घालून जा."

ती भिगवणला उतरली तेव्हा काठावर लिलाव संपत आला होता. पाट्या, बर्फाचा भुगा, ओल्या गोण्या, चहाच्या टपरीचा धूर. आणि त्या सगळ्यापलीकडे पाणी. इतके मोठे असेल असे तिला वाटले नव्हते. लांब उथळ पाण्यात गुलाबी पक्ष्यांची रांग एका पायावर उभी होती.

फुलाबाईने तिला आधी पाहिले. "आली गं बया, बारामती पाण्याकडं आली!" ती काट्याच्या दिशेने ओरडली. "शंभ्या, वजनं सोड! तुझ्यानं आज किलोचं दोन किलो हुनार हायेत!"

तो काट्यामागून उठला. हाताला खवले चिकटले होते, शर्ट चुरगळलेला होता, साबणाचा मागमूस नव्हता.

"तुमी... हितं?"

"पाणी बघायला आले," ती म्हणाली. "सांगा. आज पाणी कसं आहे?"

त्याने पाण्याकडे पाहिले. नीट, बराच वेळ, जसे चाचांनी पाहिले असते. "निवळ हाय. वारा न्हाय. काठाला तळ दिसतोय." थांबला. "खरं सांगतोय."

"दिसतंय मला."

"ते आदीचं..." त्याने हात पुसायला काही शोधले, सापडले नाही. "ते पाणी खोटं हुतं, म्याडम. पन म्हनायचं हुतं ते खोटं नव्हतं."

"मग माझ्याबद्दलचं पाण्याच्या नावावर कशाला सांगायचं?"

"सरळ विचारायचं धाडस नव्हतं."

तिने ओढणीचे टोक पुढे केले. त्याने ते हातात घेतले नाही, कारण हात घाण होते. पण तिने मागेही घेतले नाही. शेवटी त्याने दोन बोटांनी, अगदी कडेला धरून, बोटे पुसली.

"रविवारी," तो म्हणाला, "आमच्या आबांना घिऊन तुमच्या घरी येऊ का?"

पाण्यावर कुठेतरी एक वल्हे आपटले. लिलावाचा शेवटचा आवाज उठला आणि विरला.

"विचारलंत ते बरं केलंत," योगिनी म्हणाली. "या. सकाळी या. बाबा दुपारी झोपतात."

संघाच्या कचेरीत दादासो नुकतेच फोन फिरवत होते. तिला पाहून त्यांनी रिसीव्हर पुढे केला आणि शंभूराज दारात दिसल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडराकडे निरखून पाहू लागले. पलीकडे रासकर सर होते.

"सर, लिहून घ्या. आधी पाणी," ती म्हणाली. "पाणी निवळ. वारा नाही. काठाला तळ दिसतो." मग दादासोंच्या कागदावरून तिने भाव सांगितले, चिलापी, रोहू, कटला, मरळ, घाई न करता, न अडखळता.

"झालं?" सरांनी विचारले. "पाण्यात आणखी काही?"

तिने दाराकडे पाहिले.

"नाही सर," ती म्हणाली. "बाकीचं रविवारी कळेल."

आणि तिने फोन ठेवला.